उषाताई, मिक्सर आणि शेजारच्या खोलीतला स्टोव्ह

उषाताई,

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, की मी तुमचं नाव घेतो. लोकांना वाटतं, आईला वाईट वाटेल. पण आई स्वतःच तुमचं नाव घेते. तुम्ही गेल्याचं तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जन्म म्या देला, पण बुकं त्या बाईनं वाचली." आईला वाचता येत नाही आणि मला दिसत नाही. आमच्या घरात पुस्तक वाचू शकणारं माणूस तुम्ही होतात, आणि तुम्ही तर आमच्या घरात राहतही नव्हतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या अंधशाळेतून मी मुंबईच्या कॉलेजात आलो तेव्हा शाळेतली ब्रेल पुस्तकं मागे राहिली. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हतीच. वसतिगृहातल्या एकाने सांगितलं, मुलुंडला एक बाई आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. त्या वाचून रेकॉर्ड करून देतात. मी तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा तुम्ही आत या म्हणायच्या आधी विचारलंत, "कुठलं पुस्तक?"

"अर्थशास्त्र, ताई."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"मला कळेल. तुम्ही फक्त वाचा."

"मग सोपं आहे. एक्स्चेंजमध्ये जन्मभर हेच केलं. ह्याचं बोलणं त्याला पोचवलं. मला त्यातलं काय कळत होतं?"

तीन वर्षं तुम्ही वाचलंत आणि मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. मरोळला एका कंपनीच्या ऑफिसात फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी लागली, घाटकोपरला खोली घेतली. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी साडी आणली तर तुम्ही म्हणालात, "साडी राहू दे. दर रविवारी येत जा. मला ते मशीन सांभाळायचा कंटाळा येतो." तेव्हापासून रविवारी तुम्ही वाचायचात आणि मी रेकॉर्डिंग सांभाळायचो. माझ्यासारखीच इतर मुलं होती, त्यांची पुस्तकं होती. शिवाय कॉलनीतल्या तीन बायकांना घेऊन तुम्ही कथावाचनाचे कार्यक्रम सुरू केलेत. कधी वाचनालयाच्या हॉलमध्ये, कधी गणपतीच्या मंडपात, एकदा आमच्या घाटकोपरच्या वस्तीत भीमजयंतीला. तेव्हा ठरलं की एक छोटा मिक्सर घ्यायचा. घरी एका माइकला चालेल आणि बाहेर चार माइकना पुरेल असा.

शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, चटणीचं भांडं वेगळं मिळतं का. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "चार भांडी मिळतात, पण सगळ्यांत एकच चटणी होते." आवाजाच्या मिक्सरचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठे ऐकलं नाही.

अंधेरीतल्या त्या वाद्यांच्या दुकानात आपण गेलो ती दुपार मला नीट आठवते. दुकानदार पोरगा चांगला होता, पण त्याला नवीन माल विकायचा होता.

"दादा, डिजिटल घ्या ना. सगळं टचस्क्रीनवर. मोबाइलवरून पण कंट्रोल होतं. एकदा सेटिंग केलं की सेव्ह. झंझटच नाही."

मी त्या काचेवरून बोट फिरवलं. काच गुळगुळीत होती. वरून खालपर्यंत सगळीकडे एकसारखी.

"यातलं मला काहीच कळत नाही," मी म्हणालो.

"सोपं आहे दादा, दोन दिवसांत जमेल."

तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "अरे बाबा, त्याला जमेल. तुझ्या काचेला जमणार नाही. ज्याला काही फिरवायला आहे, असलं दाखव."

मग त्याने काउंटरवर छोटे अ‍ॅनालॉग मिक्सर एकेक करून मांडले. मी प्रत्येकावरून दोन्ही हात फिरवले. एकाचे नॉब इतके जवळजवळ होते की एक फिरवताना बोट शेजारच्याला लागत होतं. एकाचे नॉब गोल होते, त्यांना निशाणीची कंगोरेदार रेघच नव्हती. फिरवल्यावर तो कुठे वळून थांबलाय हे बोटाला कळायला मार्ग नव्हता. एकाला माइकला वीज देणारं बटण आणि आवाज बंद करणारं बटण शेजारी शेजारी, आकारही सारखाच. अंधारात दोन जुळी भावंडं. शेवटी एक सापडला. प्रत्येक नॉबला उंच रेघ. आवाजाचा जाडबारीकपणा ठरवणारे नॉब मधोमध आले की बोटाला हलकासा 'टक' लागायचा. हेडफोनचा नॉब बाकीच्यांपासून दूर, कोपऱ्यात एकटा. माइकच्या वायरी बसल्या की खटकन अडकायच्या.

तुम्हाला त्याच्याहून लहान, दोनच माइकचा हवा होता. "रिक्षात मांडीवर घेऊन मलाच बसायचंय. चार माइक कशाला? दोघी दोघींनी एकेका माइकवर वाचू."

"दोघींचे आवाज सारखे नाहीत, ताई. तुमच्यापुढे दुसरीचा बुडतो."

"मग तिने जोरात वाचावं."

"तिच्यासाठी वेगळा नॉब हवा."

तुम्ही पोराला म्हणालात, "दे बाबा चार माइकवाला. हा ऐकायचा नाही. मेल्याला मीच शिकवलाय."

निशाण्यांची कल्पना तुमची. सर्वात वरचा नॉब गेनचा. माइकमधून येणारा आवाज आत किती ओढून घ्यायचा ते त्याने ठरतं. प्रत्येकीचा आवाज वेगळा, तेव्हा प्रत्येकीसाठी तो वेगळ्या जागी लावायला हवा. तुम्ही टिकल्यांचं पाकीट काढलंत. नॉबच्या कडेला, ज्या जागी रेघ आली की आवाज बरोबर बसतो, तिथे एकेक टिकली चिकटवलीत. बाकीच्या तिघींना साध्या मखमली. स्वतःला खड्याची. "मी लग्नातसुद्धा खड्याची लावली नव्हती," असं म्हणालात. मी बोटाने खडा शोधायचो, रेघ त्याला टेकवायचो, आणि आपलं काम सुरू व्हायचं.

कामाची वाटणीही सरळ होती. आवाज फाटायला लागला की मिक्सरवर एक बारीक लाल दिवा लागतो. तो मला दिसत नाही, म्हणून तो तुमच्याकडे. बाकीचं सगळं ऐकू येतं, म्हणून ते माझ्याकडे. वाचता वाचता एखादा 'भ' जोरात आला की तुम्ही थांबून म्हणायचात, "लागला बघ," आणि वाक्य पुन्हा वाचायचात.

मग कधीतरी ती कुरबुर सुरू झाली. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या आवाजामागे एक बारीक 'सूं' येऊ लागलं. दुकानदार त्याला हिस म्हणतात. तुम्ही त्याला स्टोव्ह म्हणायचात, कारण शेजारच्या खोलीत कुणी रॉकेलचा स्टोव्ह पेटवून ठेवावा तसं ते ऐकू यायचं. आधी मी वायर बदलली. मग अ‍ॅडॉप्टर बदलला. मग तुमचा फ्रिज बंद करून पाहिला. पंखा तर रेकॉर्डिंगला आपण नेहमीच बंद ठेवायचो. दर काही महिन्यांनी स्टोव्ह थोडा मोठा व्हायचा आणि मी मिक्सरला नावं ठेवायचो.

"हा बदलू या ताई. आतून खराब होत चाललाय."

"काही खराब नाही झालेला. घेताना तूच बोटं फिरवून घेतलास."

"बोटांना आतलं कळत नाही."

"मग कानांना कळतं का? मोठा आलाय."

हा वाद आपण बराच काळ चालवला. मला वाटायचं, आपण मिक्सरबद्दल भांडतोय.

शेवटी एका शनिवारी तुम्हाला न विचारता, म्हणजे विचारून आणि तुमचा नकार न ऐकता, मी मिक्सर पिशवीत घालून अंधेरीच्या त्या दुकानात नेला. पोरगा तोच होता. त्याने माइक जोडला, स्वतः 'हॅलो, चेक' केलं, आणि मला हेडफोन दिले. आवाज स्वच्छ होता. मागे काही नव्हतं.

"दादा, एकदम क्लीन आहे. गेन एवढा वर ठेवायचा नाही ना पण. मी आता खाली घेतला. एवढा वर कोणासाठी ठेवता, कोणी लांबून बोलतं का?"

"नाही. एकदम जवळून बोलतात."

"मग मशीनची काय चूक? एवढा वर नेला तर कुठलंही मशीन सूं करणार." मग म्हणाला, "आणि इथे गोंदाचे डाग पडलेत, पुसून देऊ का?"

मी म्हणालो, थांब. आणि नॉबच्या कडेला बोट नेलं. खड्याची टिकली होती तिथेच होती. पण तिच्याखाली, नॉबच्या गोलाईने, एकामागे एक चिकट ठिपके होते. टिकली काढली की मागे राहतो तसा गोंद. खालचे ठिपके सुकून धूळ धरलेले, वरचे ताजे. बाकीच्या तिघींच्या मखमली टिकल्यांच्या आसपास काही नव्हतं. त्या पहिल्या दिवसापासून आपापल्या जागी होत्या. चालत गेली होती ती एकच.

ठिपके वाचायला मी सहा वर्षांचा असताना शिकलो. हे वाचायला मला फार वेळ लागला नाही. तुमचा आवाज कमी होत चालला होता, आणि प्रत्येक वेळी मी यायच्या आत तुम्ही टिकली थोडी वर सरकवत होतात, म्हणजे मी रेघ टिकलीला टेकवीन आणि मला तुमचा आवाज पूर्वीसारखाच ऐकू येईल. आवाजासोबत मागचा स्टोव्हही वर येतो, एवढंच तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला आठवलं की कितीतरी महिन्यांत तुम्ही "लागला बघ" म्हणाला नव्हतात.

मी पोराला डाग पुसू दिले नाहीत. तिथून थेट मुलुंडला आलो.

"टिकली कितीदा हलवलीत?"

"चहा घेणार का?"

"ताई."

"मी मोजलं नाही. बोटं तुझी आहेत."

तुमची फुप्फुसं आक्रसत चालली आहेत, डॉक्टरांनी औषध दिलंय पण ते फक्त वेग कमी करतं, हे तुम्ही मला रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलंत.

"मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"सांगून काय केलं असतंस? मिक्सर बदलला असतास."

"तो तर बदलायला निघालोच होतो."

"मग झालं तर."

खरी अडचण पुढे होती. तुमची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या मुलांतल्या परभणीच्या वैशालीचं इतिहासाचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा समोर होती. एक पुस्तक एकाच आवाजात, हा तुमचा नियम. तो तुम्ही माझ्यावरूनच केला होता, कारण मी एकदा म्हणालो होतो की मला उत्तरं तुमच्या आवाजात आठवतात. मी म्हणालो, उरलेलं दुसरं कुणी वाचेल. तुम्ही म्हणालात, "अर्ध्या ताटावर दुसऱ्याला बसवतात का? वाचायचं तर पहिल्यापासून वाचा म्हणावं." पहिल्यापासून वाचायला तेवढे दिवस नव्हते.

"मग तुम्हीच वाचा. आवाज जसा येईल तसा."

"कण्हत कण्हत इतिहास वाचू? पोरगी अभ्यास करेल की माझे दम मोजेल?"

"तिला चालेल."

"मला नाही चालणार. एक्स्चेंजच्या खुर्चीवर बसून मी कधी 'हॅलो'सुद्धा धापा टाकत म्हटलं नाही."

त्यानंतर तुमची भाची मनीषा तुम्हाला बोरिवलीला तिच्या घरी घेऊन गेली. मी फोन केला की ती म्हणायची, मावशीला बोलताना त्रास होतो. मला ते पटायचं. आणि एका बाजूने वाटायचं, तुम्ही मला टाळताय. म्हणून मी पत्र लिहिलं. ब्रेलमध्ये. तुम्ही माझ्याकडून ब्रेल शिकला होतात, बोटांनी नाही, डोळ्यांनी. टेबललॅम्प तिरका करून ठिपक्यांच्या सावल्या वाचायचात. "घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, तेवढीच प्रायव्हसी," असं तुमचं म्हणणं. दोनतीन वाक्यांच्या चिठ्ठ्या आपण नेहमीच एकमेकांना लिहायचो. पूर्ण पत्र हे पहिलंच.

काही दिवसांनी मनीषाचा फोन आला. "मावशी म्हणतेय, मिक्सर घेऊन ये. आणि ते गोंदाचे डाग पुसून आण म्हणतेय."

बोरिवलीला तुम्ही उशांना टेकून बसला होतात. मी माइक तुमच्या ओठांपाशी आणला. गेन जवळजवळ शेवटपर्यंत नेला. स्टोव्ह पूर्ण पेटला. तुम्ही पंखा बंद करायला सांगितलंत, मी केला नाही. अर्धं पान झालं की तुम्ही थांबायचात. कधी वाक्याच्या मध्येच. मी रेकॉर्डिंग चालू ठेवायचो. लाल दिव्याची आता गरज नव्हती, तरी सवयीने मिक्सर तुमच्याकडे तोंड करून ठेवला होता. एकदा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही म्हणालात, "लागला बघ. कुकरचा."

पुस्तक संपलं. तुम्ही शेवटचं वाक्य वाचलंत, प्रकाशकाचं नावही वाचलंत, कारण ते वाचायचंच असतं. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आता माझे सगळे दम कापून टाक."

"बघतो."

"बघतो नाही. काप."

"ताई, बघतो म्हटलं ना."

"तुला दुकानात मी चार माइक घेऊ दिले. हे माझं ऐक."

मी हो म्हणालो नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. म्हणजे त्यानंतर फोनवर "जेवलास का" वगैरे झालं, पण वाद म्हणून हा शेवटचा, आणि तो मिटलेला नाही.

परवा तुमचे सगळे नातेवाईक परत गेल्यावर मी घरी संगणकाशी बसलो आणि एका पानाचे दम कापून पाहिले. वाक्यं एकमेकांना चिकटली. आवाज तुमचाच होता, पण तुम्ही कुठेतरी जायच्या घाईत वाचताय असं वाटायला लागलं. तुम्ही घाईत कधीच वाचलं नाहीत. मी कापलेलं पुन्हा जोडलं आणि पुस्तक जसं होतं तसं वैशालीला पाठवलं. तुमचं ऐकलं नाही. तुम्ही असतात तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसतात, आणि त्या आठवड्यातला रविवार मात्र चुकवला नसतात.

काल वैशालीचा निरोप आला. "दादा, ताईंना सर्दी झालेली का? पण बरं झालं. त्या मध्ये थांबतात ना, तेवढ्यात माझं ब्रेलचं टाचण टोचून होतं. आधी सारखं रेकॉर्डिंग मागं न्यायला लागायचं." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. परीक्षा झाल्यावर सांगेन.

मनीषाने तुमच्या वस्तूंतून माझं पत्र मला परत दिलं. तिला ते कोरा जाड कागद वाटला होता, नुसता टोचलेला. तुमच्या घरात ते वाचू शकणारं आता कुणी नाही, म्हणून साध्या अक्षरांत इथे उतरवतो.

आदरणीय उषाताई,

जयभीम. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितो आहे. लॅम्प जवळ घ्या आणि सावकाश वाचा.

मिक्सरला मी उगाच नावं ठेवली. तो चांगला आहे. दुकानातल्या मुलानेही सांगितलं.

तुम्ही म्हणता की मागे स्टोव्ह आणि पुढे धाप, असं वाचन मुलांना द्यायचं नाही. यावर मला एक सांगायचं आहे. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मागणीच्या लवचिकतेवर प्रश्न आला होता. मला लेखनिकाला उत्तर सांगायचं होतं आणि काही केल्या तिसरा मुद्दा आठवत नव्हता. तेव्हा मला एक भाजीवाला आठवला. ते पान तुम्ही वाचत होतात तेव्हा तुमच्या खिडकीखाली तो "मेथी, कोथिंबीर" ओरडत गेला होता, आणि तुम्ही तो लांब जाईपर्यंत थांबला होतात. मग तुम्ही वाचलं होतंत, "तिसरे म्हणजे". तो भाजीवाला मनात ओरडून गेला आणि मला तिसरा मुद्दा आठवला. त्या पेपरात मी पास झालो. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही त्या भाजीवाल्याबद्दल माझी माफी मागितली होतीत आणि मी "हरकत नाही" म्हणून टाकलं होतं.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जे जे चुकून आलं, ते सगळं माझ्या उपयोगाला आलं. कुकर, दाराची बेल, तुमचं खोकणं. मला दिसत नाही, त्यामुळे मी तुमच्या घरात बसून अभ्यास करतोय असं मला त्याच्यामुळेच वाटायचं. वसतिगृहात मला दुसरं घर नव्हतं.

मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. साडी आणली ती तुम्ही परत केलीत. आता मानतो.

वैशालीचं पुस्तक तुम्हीच पूर्ण करा. माझी एवढी एकच मागणी आहे. मी मिक्सर घेऊन बोरिवलीला येतो. तुम्हाला बसवणार नाही, माइक तुमच्याकडे आणीन. गेन लागेल तेवढा वर नेऊ. एका दिवशी एकच पान झालं तरी चालेल. दम लागला की थांबा, वाक्य अर्धं असलं तरी थांबा. मुलं थांबतील.

तुमचा,
मिलिंद